अंबूबाईचे तळे

रविवार, दिनांक एकोणीस जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मिरजेच्या पश्चिमेस कृष्णाकाठी असलेल्या दहिवळे गावाच्या शिवारात, जगदाळ्यांच्या दोन्ही घरांतली माणसे सोळा वर्षांनी एका ठिकाणी आली. यापूर्वी ती एकत्र आली होती ती धाकट्या घरच्या धनाजीच्या तेराव्याला. आणि त्या दिवशीही पंक्ती दोन वेगळ्या बसल्या होत्या. आजचे निमित्त सुखाचे आहे, असे थोरल्या घरच्या इंद्रजितचे म्हणणे होते. सर्वांनी मिळून पाणथळ पाहायचे, करंजाखाली बसून जेवायचे, आणि जाताना चुलतीने एका कागदावर सही करायची, एवढेच त्याने फोनवर सांगितले होते. सहीचा उल्लेख त्याने सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडक्यात केला होता, यावरूनच ते खरे निमित्त होते हे सुलाबाईंनी ओळखले. शेवटी तो त्यांचाच मुलगा होता.

पाणथळ हा शब्द गावाला मिळून चारच वर्षे झाली होती. त्याआधी या चाळीस एकरांना चोपण म्हणत, आणि चोपण म्हणजे काय हे कृष्णाकाठी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी पाजावे, त्या पाण्याला बाहेर पडायची वाट राहू देऊ नये, म्हणजे जमिनीच्या पोटातले मीठ वर येते, काळी माती पांढरी पडते, आणि जिथे माणसाच्या डोक्यावर ऊस उभा राहत होता तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. मग पाणी साचते. दहिवळ्यात ते तीस वर्षे साचले. त्यात पाणकणीस माजले, पाणकणसात पक्षी आले, पक्ष्यांमागून दुर्बिणी लावणारे लोक आले, आणि त्या लोकांनी गावाला सांगितले की तुम्ही ज्याची लाज धरता ते राखून ठेवण्याजोगे आहे. इंद्रजितने हे सर्वांच्या आधी ऐकले. तो समितीचा अध्यक्ष झाला. अकरा शेतकऱ्यांनी आपापल्या मेलेल्या जमिनी पक्ष्यांसाठी राखून ठेवायला संमती दिली. बाराव्या होत्या त्याची चुलती, धनाजीची विधवा अंबूबाई; आणि त्यांचे साडेतीन एकर बरोबर मध्यावर होते, जिथे पाणी सर्वांत खोल होते. त्यांची सही झाली नाही तर उरलेले एक चिंधड्या झालेले डबके होते.

तारीखही इंद्रजितने विचार करूनच निवडली होती. संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते, रथसप्तमी अजून पुढे होती. या दिवसांत कोणी तिळगूळ पुढे केला तर हात मागे घेता येत नाही, हे तो राजकारणात राहून शिकला होता.

अंबूबाई मुलाबरोबर रहिमतपुराहून आल्या. यशराज तिकडे शाळेत शिक्षक होता, आणि नोकरी लागल्यापासून आई त्याच्याकडेच होती. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा सुलाबाईंना वाटले होते त्यापेक्षा त्या ताठ दिसल्या. एकसष्टाव्या वर्षी बाईने इतके ताठ असू नये, असा एक चमत्कारिक विचार सुलाबाईंच्या मनात येऊन गेला. त्यांचे स्वतःचे गुडघे दोन वर्षांपासून जाग्यावर नव्हते.

"ये काकी," इंद्रजितने तिळगूळ पुढे केला. "वाटंत तरास न्हाई न्हवं झाला?"

"कसला तरास. बसून तर याचं."

अंबूबाईंनी तिळगूळ घेतला आणि न खाता पदराच्या टोकाला बांधला. मग वाकून थोरल्या दिराच्या पायांना हात लावला, आणि मग सुलाबाईंच्याही. दीर, म्हणजे सुलाबाईंचे यजमान भाऊसो, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. ऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज बांधावरून पलीकडच्या मळ्यात ऐकू जाईल असा होता.

"आलीस व्हय? ब्येस झालं. आदी कागुद उरकू."

"आदी बगू तर द्या भावजी, काय झालंय माज्या रानाचं," अंबूबाई म्हणाल्या. "ह्या अंगाला पाय टाकून लय वरसं झाली."

पाणथळात जायला लाकडी फळ्यांची वाट केली होती. इंद्रजितची मुलगी पल्लवी पुढे झाली. ती पुण्यात याच विषयाचे शिक्षण घेऊन आली होती, आणि वाट कुठून न्यायची, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे सगळे तिनेच ठरवले होते.

"धाकटी आजी, हळू. ही फळी हलते. ते बघ, लांब लाल पायांचे, त्यांना शेकाट्या म्हणतात. आणि ती निळी-जांभळी, लाल चोचीची. जांभळी पाणकोंबडी."

"कोंबडी दिसती न्हवं? मग खात्यात का न्हाई?" भाऊसो मागून म्हणाले.

"आबा आजोबा, समितीच्या अध्यक्षाच्या बापानंच असं म्हटलं तर पुढं काय करायचं?"

"अध्यक्षाला लहानपणी ह्याच रानातली पाखरं भाजून खायाला घातल्यात म्या. त्याला ईचार."

सगळे हसले. अंबूबाई हसल्या नाहीत. त्या एका ठिकाणी थांबून पाण्याकडे बोट दाखवत होत्या. "हितं थारोळं हुतं," त्या म्हणाल्या. "नदीचं पाणी पायपातनं हितं पडायचं. हितनं पाट सुरू व्हायचा. आन् त्या पल्याड, ती दोन पाखरं बसल्यात न्हवं, तितं आमची पयली सरी." पल्लवीला फक्त पाणी दिसत होते. सुलाबाईंना थारोळे दिसले, पाट दिसला, आणि कमरेला पदर खोचून खोऱ्याने दारे धरणारी, सरीसरीला पाणी वळवणारी चोवीस वर्षांची अंबू दिसली. त्यांनी नजर वळवली.

वाटेच्या शेवटी एक फलक उभा होता, त्यावर चादर गुंडाळलेली होती. उद्घाटन व्हायचे होते. पण घरच्या माणसांनी आधी पाहावे, म्हणून इंद्रजितने चादर स्वतःच्या हाताने काढली. हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरे होती. वरच्या ओळीत लिहिले होते: अंबूबाईचे तळे. त्याखाली बारीक अक्षरांत: एका शेतकरी भगिनीच्या हातून नकळत मोकळ्या सुटलेल्या पाण्यातून या पाणथळाचा जन्म झाला.

"आई, नाव लागलं बघ तुझं," यशराज म्हणाला. त्याच्या स्वरात खरा आनंद होता. हे सांगितले पाहिजे, कारण पुढे तो जे बोलला त्यावरून त्याला लबाड समजणे अन्यायाचे होईल. तो लहानपणापासून हे नाव ऐकत आला होता आणि त्याचा अर्थ त्याला एकाच बाजूने ठाऊक होता.

"कागदावरबी हेच नाव घातलंय काकी," इंद्रजित म्हणाला. "म्हणजे कायमचं. तुझ्यामागंबी ऱ्हाईल."

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे नाव समितीने शोधून काढलेले नव्हते. गाव तीस वर्षे या जागेला अंबूबाईचे तळेच म्हणत होते. एखादी सून दुपारी झोपली, कोणाचे दूध उतू गेले, कोणाची म्हैस दावे तोडून गेली, तर आयाबाया म्हणत, अंबूबाई झालीस व्हय गं. इंद्रजितसारख्यांना ते नुसते जागेचे नाव वाटत होते. पण कोणतेही नाव पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून निघालेले असते, आणि हे कोणाच्या तोंडून निघाले होते हे सुलाबाईंना नेमके ठाऊक होते. पिठाच्या गिरणीत, दळण संपायची वाट पाहत बसलेल्या सात-आठ बायांपुढे, त्या स्वतःच म्हणाल्या होत्या: "आमच्या रानात आता पोहायला या. अंबूबाईचं तळं झालंय." बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. ते वाक्य आता पिवळ्या रंगात, पत्र्यावर, दोन लोखंडी खांबांच्या आधाराने त्यांच्यापुढे उभे होते.

अंबूबाईंनी फलक दोनदा वाचला. त्या सावकाश वाचत असत, ओठ हलवत. मग पुढे चालू लागल्या.

पल्लवीने सगळ्यांना मनोऱ्यावर नेले. मनोरा म्हणजे बारा पायऱ्यांचे एक मचाण होते. सुलाबाईंना चढायला इंद्रजितने हात दिला. वरून चाळीस एकर एका दृष्टीत दिसत होते.

"मला एक कोडं आहे," पल्लवी म्हणाली. "ते पाणकणीस बघा. सगळीकडं कसंही पसरलंय. पण तिथं, मधोमध, एक पट्टा बघा. दाट, उंच, आणि पट्टीनं आखल्यासारखा सरळ. ओढ्यापर्यंत जातो. आपोआप उगवलेलं असं सरळ रेघेत येत नाही. खाली काहीतरी आहे. पणजोबांच्या वेळचं काही होतं का तिथं?"

प्रश्न सर्वांना होता. उत्तर देऊ शकणारी माणसे तीन होती.

"जुना बांध आसंल," भाऊसो म्हणाले. "चला खाली. ऊन लागाय लागलं."

तो बांध नव्हता. तो चर होता. भाऊसोंच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, रानात उसाचे पाणी आले त्याच साली तो खणून घेतला होता: कमरेइतका खोल, दोन्ही भावांच्या पुढच्या वाटण्यांच्या मधून जाणारा, रानाला नको असलेले पाणी ओढ्याला नेऊन सोडणारा. वाटणीत वरचे रान भाऊसोंकडे आले, खालचे धनाजीकडे, आणि चर भाऊसोंच्या हद्दीत राहिला. धनाजी फौजेत होता. एकोणनव्वद सालच्या वैशाखात अंबू बाळंतपणाला माहेरी गेली, आणि त्याच आठवड्यात भाऊसोंनी तीन गडी लावून चर बुजवला. सहा सऱ्या ऊस जास्त बसत होता. चार दिवस काम चालले. चारही दिवस सुलाबाईंनी डोक्यावरून भाकऱ्या नेल्या, आणि चौथ्या दिवशी विचारले होते, आवं, पाणी कुणीकडनं जाईल? भाऊसो म्हणाले होते, पाण्याला काय, जाईल कुणीकडनं बी.

ते कुठेच गेले नाही. ते खालच्या रानात, अंबूच्या उसात, थांबले. पुढच्या हिवाळ्यात पोर तापाने फणफणलेले असताना अंबू पहाटेच्या पाळीला बांधावर बसली आणि तिचा डोळा लागला. पाणी पाटाबाहेर पडून गाडीवाटेवर आले. ते सगळ्या गावाने पाहिले. तीन वर्षांनी माती पांढरी पडू लागली तेव्हा कारण शोधायला कोणाला लांब जावे लागले नाही. चर कुठे गेला असे कोणी विचारले तर भाऊसो सांगत, हिनं सोडलेल्या पाण्यानं गाळ आला आन् भरला. एका पहाटेच्या पाण्याने एवढा चर भरत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला कळते. पण गावातल्या निम्म्यांनी त्याच सुमारास आपापले चर बुजवले होते, आणि दुसऱ्याचा हिशेब काढायची कोणाला हौस नव्हती.

जेवण करंजाखाली झाले. बाजरीच्या भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, दही, शेंगदाण्याची चटणी. सुलाबाईंनी पहाटे उठून केले होते. अंबूबाईंनी एक भाकरी खाल्ली आणि हात धुतले. मग इंद्रजितने प्लॅस्टिकच्या पिशवीतून संमतिपत्र काढले आणि फुली केलेली जागा दाखवली.

"हितं, काकी."

"ह्यात ते नाव हाय?"

"हाय की. दुसऱ्याच वळीत."

"मग न्हाई करायची."

इंद्रजित हसला, त्याला वाटले विनय आहे. "आगं, लोक नावासाठी काय काय करत्यात. तुला फुकट मिळतंय."

"आई, असं काय करतेस?" यशराज म्हणाला. "जमिनीचा तसाही काही उपयोग नाही. निदान चांगल्या कामाला लागेल. आणि बाबांची जमीन, तुझं नाव. मला तर अभिमान वाटतो."

"तुला वाटतो. तू ठेव तुझं नाव."

"माझं कशाला? माझ्या हातून थोडंच पाणी सुटलं?"

तो सहज बोलून गेला. बोलल्यावर त्याला कळले आणि तो खाली बघू लागला. पल्लवीने मध्येच विचारले, "पण धाकटी आजीला नको असेल तर नाव बदलू ना, बाबा. त्यात काय?" इंद्रजितने तिला डोळ्यांनी गप्प केले. फलक तयार होता, पत्रिका छापल्या होत्या, पुढच्या सोमवारी वनखात्याचे साहेब उद्घाटनाला यायचे होते.

भाऊसोंनी सुपारी कातरायची थांबवली. त्यांना बोलण्याची गरज नव्हती. ते गप्प राहिले असते तर इंद्रजितने आणखी तासभर समजावले असते, कदाचित अंबूबाई न सही करता निघूनही गेल्या असत्या, आणि सगळे होते तसे राहिले असते. पण मनोऱ्यावरून उतरल्यापासून ते अस्वस्थ होते, आणि अस्वस्थ झाले की ते दुसऱ्यावर चालून जात.

"खोटं काय लिवलंय त्यात?" ते म्हणाले. "पाणी तुज्याच हातनं सुटलं. गावानं बगितलंय. रान तू घालवलंस, तरी तुज्या नावाचा बोर्ड लावत्यात. दुसऱ्या कुणी तोंड लपीवलं असतं."

अंबूबाईंनी कागद इंद्रजितकडे सरकवला.

"हिला ईचारा की," भाऊसोंनी अडकित्ता सुलाबाईंकडे केला. "हिच्यादेखत झालंय समदं. सांग गं."

सुलाबाईंना हा प्रश्न आयुष्यात दुसऱ्यांदा विचारला जात होता.

पहिल्यांदा तो धनाजीने विचारला होता. सोळाव्या वर्षी त्या या घरात आल्या तेव्हा धनाजी सात वर्षांचा होता आणि त्याची आई गेलेली होती. त्यांनी त्याला न्हाऊ घातले, त्याच्या फाटलेल्या चड्ड्या शिवल्या, फौजेत जाताना त्याच्या ट्रंकेत चटणी भरली. जमीन पांढरी पडली त्या साली तो रजेवर आला आणि एका दुपारी, त्यांच्यापुढे जेवायला बसला असताना, म्हणाला: वैनी, तू सांग. चर कसा भरला? सुलाबाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. बाहेरच्या सोप्यात नवरा बसलेला होता. त्या म्हणाल्या: काय करती रं ती तरी. एकटी बाईमाणूस, डोळा लागतो. धनाजीने मान हलवली आणि पुढे जेवला. त्यानंतर तो रजेवरून परत निघाला की सगळ्यांदेखत बायकोला म्हणायचा, जागी ऱ्हा म्हणजे झालं. घरातला कोणताही निर्णय त्याने पुन्हा तिच्यावर सोपवला नाही. निवृत्त होऊन आल्यावरही नाही. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, उशाशी कोणी बसायचे हे ठरवताना तो म्हणाला होता, तिला नगं, ती झोपंल.

"सांग की," भाऊसो म्हणाले.

"चर तुमी बुजवला," सुलाबाई म्हणाल्या.

करंजाखाली त्यांच्याशिवाय पाच माणसे बसली होती आणि पाचही त्यांच्याकडे पाहू लागली.

"गाळानं न्हाई भरला. ही बाळातपणाला गेल्ती. तीन गडी हुते, चार दीस लागलं. भाकरी मी नेत हुते. वर सहा सऱ्या ऊस लावला तुमी. तिचं रान त्याच्यानं गेलं."

"हिला ऊन चढलंया," भाऊसो म्हणाले. "इंद्रजित, गाडीत बसीव हिला."

"चढलं न्हाई. आदी बोलाय पायजे हुतं, तवा बोलले न्हाई."

"म्हणजे ती सरळ रेघ..." पल्लवी म्हणाली आणि थांबली.

"आई, आत्ता ही येळ हाय का हे काढायची?" इंद्रजितचा आवाज खाली आला. "घरातलं घरात बोलू. सोमवारी माणसं येणारेत."

"थोरली आई," यशराज म्हणाला. तो उभा राहिला होता. "बाबा होते तेव्हा का नाही सांगितलंत? ते पंधरा-सोळा वर्षं आईला काय काय बोलले, मी ऐकलंय. मीसुद्धा बोललोय."

उत्तर भाऊसोंनी दिले, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. "सहा सऱ्या जागा हुती," ते म्हणाले. "माज्या हद्दीत हुती. बाळासोनं बुजवला न्हाई का चर? नानासोनं न्हाई बुजवला? तवा समद्यांनीच बुजवलं. एकट्या माज्या चरानं गाव बुडालं व्हय?" हा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकायला अधिक वाईट वाटला. भाऊसो काठी टेकत उठले आणि गाडीकडे गेले. आणि जाताना, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी बायकोला बरोबर चल म्हटले नाही.

अंबूबाईंनी हात पुढे केला. "इंद्रजित, पेन काढ."

"काकी, आपण नंतर..."

"पेन काढ. आन् ते नाव खोड. तुज्या हातानं खोड, बाजूला तुजी सही कर. बोर्डावरली खालची वळ बी पुसायची. सोमवारच्या आत."

"मग नाव काय घालू?"

"गावाचं घाल. दहिवळ्याचं तळं. समद्यांनीच बुजवलं म्हणत्यात न्हवं?"

इंद्रजितने नाव खोडले, बाजूला सही केली. अंबूबाईंनी कागद मांडीवर घेतला आणि शाळेत पाटीवर काढावी तशी एकेक अक्षर सोडवून सही केली: अंबूबाई धनाजी जगदाळे. "ऊस काय हितं परत येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पाखरं तरी ऱ्हाऊ देत." पल्लवीने कागद त्यांच्याकडून घेतला आणि बराच वेळ तो बापाच्या हातात दिला नाही.

मग माणसे भांडी आवरायला लागली, यशराज गाडी वळवायला गेला, आणि दोघी जावा करंजाखाली एकट्या राहिल्या. सुलाबाईंच्या छातीवरून काहीतरी उतरले होते. पस्तीस वर्षांत त्यांना इतका मोकळा श्वास आला नव्हता. घरी गेल्यावर नवऱ्याशी कसे निभायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण त्याची या घटकेला भीती वाटत नव्हती. आपण किंमत दिली आहे, अशी त्यांची भावना होती. आणि किंमत दिलेल्या माणसाला असते तशी थोडी अपेक्षाही होती. अंबू रडेल, कदाचित. आपला हात धरेल. त्यांनी बसल्या जागेवरून सरकून धाकट्या जावेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अंबू, लय उशीर झाला गं मला."

"मला ठावं हुतं, आक्का."

"काय ठावं हुतं?"

"चराचं. बाळातीण हून आले तवा चराच्या जाग्यावर ऊस. पुढल्या साली त्या सहा सऱ्या बाकीच्या रानापेक्षा हातभर वर. गाळानं भरल्याली जागा अशी पिकती व्हय? भराव टाकून, वर शेणखत घालून पिकती. मी काय शेरातनं आल्ते?"

सुलाबाईंचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. "मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. ह्यास्नी बोलले, रजेवर आलं तवा. समदं सांगितलं." अंबूबाई पाण्याकडे पाहत बोलत होत्या, आवाज चढवल्याशिवाय. "म्हणालं, मी वैनीला ईचारतो. वैनी माज्याशी खोटं बोलायची न्हाई. तिनं सांगितलं भावानं बुजवला, तर उद्याच्या उद्या भावाला जाब ईचारतो. न्हाई म्हणली, तर तू ह्यो ईषय मरूस्तवर काढायचा न्हाई. मी म्हणलं, बरं. मला वाटलं, तुमी सांगशीला. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसल्ते."

सुलाबाईंना ती खोली आठवली. तिचे दार त्या दुपारी लोटलेले होते, आणि आत कोण आहे हे पाहायचे त्यांना सुचले नव्हते.

"मी भ्याले गं," त्या म्हणाल्या. "हे भायेर बसल्यालं. त्यांच्यापुढं कवा तोंड उघडलं हुतं मी?"

"भ्याला असशीला. पर तुमी माजी कीव केली, आक्का. काय करती ती तरी, म्हणला. शिवी दिली असती तर ह्यास्नी संशय तरी आला असता."

खालून यशराजने गाडीचा भोंगा वाजवला. अंबूबाई उठल्या. त्यांनी गुडघ्यावरचा जावेचा हात उचलला आणि तो जोरात न झटकता, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा, सुलाबाईंच्याच मांडीवर ठेवला.

"भावजींस्नी लोभ सुटला. त्यो कुणालाबी सुटतो. त्यांचं मी कवाच सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "तुमचं न्हाई सोडणार."